झऱ्यांच्या नदीवरील छोटी सफर

होडीतून नदीची सफर करावयाचे ठरले म्हणजे सर्वांत आधी पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो. पावसावर पोसलेल्या नदीच्या बाबतीत हा अंदाज महिन्यागणिक बदलतो. श्रावणात जी नदी दोन्ही थड्या भरून धावते, तीच वैशाखात डोहाडोहांत तुटून पडते आणि होडीत बसून जाण्याऐवजी होडीच खांद्यावर घेऊन चालण्याची पाळी येते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर काही नद्या अशा आहेत की, त्यांच्या पात्रात ऋतूंचे हे चढउतार फारसे उमटत नाहीत. त्या डोंगरमाथ्यावरून उतरत नाहीत; सपाट अरण्यात एखाद्या निळ्या कुंडाच्या तळातून एकदम पूर्ण वाढलेल्या अशा वर येतात आणि उगमापासूनच होडी वाहून नेण्याइतक्या खोल असतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्यात अशा झऱ्यांची संख्या एक हजाराहून अधिक आहे. ऑस्कर मेइन्झर या भूजलशास्त्रज्ञाने १९२७ साली झऱ्यांची प्रतवारी लावून दिली. तीनुसार ज्या झऱ्यातून दर सेकंदास १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८३० लिटर पाणी बाहेर पडते, तो पहिल्या प्रतीचा झरा होय. दहा हजार लिटरांची टाकी अशा झऱ्याखाली धरली, तर ती साडेतीन सेकंदांत भरून जाईल. या प्रतीचे तीसहून अधिक झरे एकट्या फ्लॉरिडात आहेत. एक-दोन दिवसांची, नवशिक्यालाही झेपणारी आणि निसर्गविज्ञानाचे पाठ जागोजागी देणारी होडीची सफर करावयाची असेल, तर या झऱ्यांच्या नद्यांसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. मात्र नदी शांत आहे म्हणून आखणी ढिली चालेल असे कोणी समजू नये.

पाणी कोठून येते

फ्लॉरिडाचा द्वीपकल्प चुनखडकाच्या जाड थरांवर उभा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात राहणाऱ्या प्राण्यांचे शिंपले व सांगाडे तळाशी साचत गेले आणि त्यांचाच हा खडक बनला. पावसाचे पाणी हवेतून पडताना व पुढे मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य आम्ल चुनखडक विरघळविते. आधी केसाएवढ्या असलेल्या भेगा हळूहळू रुंदावतात, त्यांच्या नळ्या होतात आणि नळ्यांच्या गुहा होतात. अशा रीतीने फ्लॉरिडाखाली व शेजारच्या जॉर्जिया, अलाबामा आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांच्या काही भागांखाली सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर विस्ताराचा एक प्रचंड जलधर तयार झाला आहे. उंच भागात पडलेल्या पावसाचा दाब या पाण्यावर असतो. जेथे वरचे चिकणमातीचे आवरण तुटलेले असते आणि जमीन पुरेशी सखल असते, तेथे पाणी वाट काढून वर उसळते.

उत्तर फ्लॉरिडातील बहुतेक झऱ्यांचे पाणी वर्षाचे बारा महिने सुमारे २२ अंश सेल्सिअस असते. ज्याने लहानपणी पौषातल्या पहाटे विहिरीवर स्नान केले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. जमिनीच्या पोटात पुरेसे खोल गेले की वरचा उन्हाळा-हिवाळा तेथवर पोहोचत नाही. तेथले तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ स्थिर राहते. म्हणून हेच पाणी जुलैत गार आणि जानेवारीत कोमट लागते. थंडीच्या सकाळी या नद्यांवर वाफेचे दाट धुके उभे असते आणि होडीच्या पुढच्या टोकाला बसलेला सोबती मागच्याला धूसर दिसतो.

पाण्याचा नितळपणा हेही खडकाचेच देणे आहे. झऱ्याच्या मुखाशी येणाऱ्या पाण्यात गाळ जवळजवळ नसतो; त्यामुळे पाच-सात मीटर खोलीवरचा शिंपला होडीत बसून मोजता येतो. निळा रंग मात्र आकाशाचे प्रतिबिंब नव्हे. शुद्ध पाणी प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते व निळा भाग राहू देते. जितके खोल पाणी, तितकी निळाई गडद.

नदीची निवड

पहिल्या सफरीसाठी आम्ही इचेटकनी ही नदी सुचवू. ती उत्तर फ्लॉरिडात, फोर्ट व्हाइट या गावाजवळ आहे. तिची संपूर्ण लांबी जेमतेम साडेनऊ किलोमीटर. मुख्य उगमकुंड आणि पुढे एकामागून एक मिळणारे अनेक झरे यांच्या पाण्यावर ती पोसली आहे. यांतला ‘ब्ल्यू होल’ नावाचा झरा सर्वांत मोठा होय. पुढे ती सँटा फे नदीला मिळते, सँटा फे सुवानीला मिळते आणि सुवानी मेक्सिकोच्या आखातात जाते. नदीचा वरचा, सर्वांत सुंदर भाग १९७० सालापासून राज्य उद्यान म्हणून राखलेला आहे. होडीने जाण्याजोगा उद्यानातील टप्पा सुमारे ५.६ किलोमीटरांचा आहे.

आता शाळेत सर्वांना छळलेले ‘नाव आणि प्रवाह’ यांचे गणित येथे खरोखरच उपयोगी पडते. इचेटकनीचा प्रवाह ताशी साधारण १.६ किलोमीटर धरू. नुसते तरंगत गेल्यास ५.६ किलोमीटरांना साडेतीन तास लागतील. संथ पाण्यात सावकाश वल्हविणारा माणूस ताशी ४ किलोमीटर जातो असे मानले, तर प्रवाहाबरोबर त्याची चाल ५.६ होईल आणि तोच टप्पा तासाभरात संपेल. पण त्याने परतही वल्हवीत यावयाचे ठरविले, तर चाल उरेल ताशी २.४ किलोमीटर आणि वेळ लागेल दोन तास वीस मिनिटे; तेही हात दमलेले असताना. एकूण फेरी तीन तास वीस मिनिटांची. या हिशेबात थांबण्याचा वेळ धरलेला नाही, आणि या नदीवर न थांबणारा माणूस विरळा. म्हणून आलेल्या उत्तराची दुप्पट करावी व सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास शिल्लक राहतील अशा बेताने निघावे. परत वल्हवायचे नसेल, तर खालच्या उतारावर वाहनाची सोय आधीच करून ठेवावी लागते. दोन वाहने असल्यास एक खाली ठेवून दुसऱ्याने सर्वांनी वर यावे. ही गोष्ट इतकी साधी आहे की पुष्कळ जण ती विसरतात. खाली ठेवलेल्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहून जाणे, हा तर या छंदातला नेहमीचाच विनोद आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत, म्हणजे मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत, हवा भरलेल्या रबरी चकत्यांवर बसून तरंगणाऱ्यांची येथे झुंबड असते. शिवाय त्या महिन्यांत दुपारी गडगडाटी वादळे नित्याची आहेत आणि फ्लॉरिडा हा अमेरिकेतील विजांचा प्रदेश म्हणून प्रसिद्ध आहे. उघड्या पाण्यावर आपणच सर्वांत उंच वस्तू असतो, हे ध्यानी घेऊन उन्हाळ्यात पहाटे निघावे व दुपारपूर्वी काठ गाठावा. पहिला गडगडाट ऐकताच पाण्यातून बाहेर पडावे. आमच्या मते मात्र सर्वांत चांगले दिवस ऑक्टोबर ते मार्च हेच. गर्दी नाही, डास कमी, आणि नदी तेवढीच भरलेली.

कॅनू की कयाक

कॅनू ही वरून उघडी होडी. तीत एक किंवा दोन माणसे बसतात आणि एकाच पात्याच्या वल्ह्याने ती चालवितात. कयाक हे मूळचे उत्तर ध्रुवाकडील लोकांचे वाहन. ते आखूड व बुटके असते, बहुधा वरून झाकलेले असते आणि त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात. सामान, मूल किंवा बुजुर्ग बरोबर असेल तर कॅनू घ्यावी. एकटे जाणाऱ्यास व वाऱ्याच्या दिवशी कयाक सोयीचे. कॅनूत जड माणसाने मागे बसावे, म्हणजे नाक किंचित वर राहून होडी सरळ जाते. सामान तळाशी व मध्यभागी बांधावे. उभे राहू नये. होडी उलटण्याची निम्मी कारणे उभे राहण्यात आणि उरलेली एकाच बाजूला वाकून पाण्यातला मासा सोबत्याला दाखविण्यात असतात.

या प्रदेशाला होडीची परंपरा फार जुनी आहे. २००० साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गेन्सव्हिल शहराजवळील न्यूनन्स सरोवर आटत गेले आणि त्याच्या चिखलात एकामागून एक लाकडी सांगाडे उघडे पडू लागले. मोजणी झाली तेव्हा ते १०१ भरले. झाडाचे एकेक खोड जाळून व कोरून केलेल्या त्या डोणी होत्या. काहींचे वय पाचशे वर्षांचे, तर बहुतेकांचे तीन ते पाच हजार वर्षांचे निघाले. हवा न पोहोचणाऱ्या चिखलात लाकूड कुजत नाही, म्हणून त्या टिकल्या. इचेटकनीच्या काठीही टिमुकुआ लोकांची वस्ती होती आणि स्पॅनिश मिशनऱ्यांनी १६०८ साली तेथे आपले ठाणे वसविले होते. ‘मिशन’ हे तेथल्या झऱ्याचे नाव त्याचीच आठवण आहे.

सामानाची यादी लांबविण्यात अर्थ नाही. प्रत्येकी एक जीवरक्षक जाकीट. कायद्याने ते होडीत असलेच पाहिजे आणि सहा वर्षांखालील मुलाच्या अंगात घातलेले पाहिजे. मोठ्यांनीही ते बसण्याखाली न ठेवता अंगात घालावे. उलटलेल्या होडीतून वाहून जाणारे जाकीट कोणाच्याही कामाचे नसते. एक शिटी, एक जादा वल्हे, पिण्याचे पाणी, टोपी, कोरडे कपडे घट्ट तोंडाच्या पिशवीत. नदी पाण्याने भरलेली असली तरी ते पाणी पिऊ नये. इचेटकनीवर वापरून फेकून देण्याजोगी खाण्यापिण्याची कोणतीही वेष्टने नेण्यास मनाई आहे. तेव्हा धातूची बाटली व डबा घ्यावा. २२ अंश हे तापमान ऐकताना सुखद वाटते, परंतु आपल्या शरीराहून ते पंधरा अंशांनी कमी आहे आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. तासभर पाण्यात खेळलेले मूल कुडकुडू लागले म्हणजे त्याला ताबडतोब कोरडे करावे.

नदी वाचण्याची विद्या अर्ध्या दिवसात येत नाही, पण एक नियम प्रत्येकाने पाठ करून जावा. पडलेल्या झाडावर प्रवाह होडीला आडवी ढकलू लागला, तर माणूस साहजिकच झाडापासून दूर, म्हणजे प्रवाहाच्या उगमाकडील बाजूस झुकतो. नेमके हेच चुकीचे आहे. तसे झुकताच होडीची ती कड खाली जाते, प्रवाह तिच्यात शिरतो आणि होडी क्षणार्धात भरते. झुकावयाचे ते अडथळ्याच्या दिशेने. आणि पाण्यात पडल्यास झाडाच्या फांद्यांखाली जाऊ नये, कारण पाणी त्यांतून गाळले जाते, माणूस गाळला जात नाही.

सँटा फे : लपणारी नदी

दुसरा दिवस हाताशी असल्यास तो सँटा फे नदीवर घालवावा. ही नदी झऱ्यांच्या पाण्यावर संपूर्णपणे अवलंबून नाही. वरच्या अंगाला ती दलदलीतून व जंगलातून येते. कुजलेल्या पाल्यातील टॅनिनमुळे तिचे पाणी चहासारखे तपकिरी असते. ओलेनो या राज्य उद्यानात ती एका खळग्यापाशी येते, गोल फिरते आणि जमिनीत नाहीशी होते. सुमारे पाच किलोमीटर अंतरावर ती पुन्हा वर येते. मधल्या भूमीवर झाडे उभी आहेत आणि माणसे पायी चालतात. हे पाणी खालून जाण्यास किती वेळ लागतो, हे शास्त्रज्ञांनी मोठ्या युक्तीने शोधले. नदीच्या पाण्याचे तापमान हवेप्रमाणे चढते-उतरते. आत शिरताना नोंदलेला असा एखादा चढ बाहेर केव्हा उमटतो, हे पाहिले की झाले. नदी भरून असते तेव्हा प्रवास एक-दोन दिवसांत होतो, पाणी कमी असते तेव्हा आठवड्याहूनही अधिक लागतो.

वर आल्यावर हाय स्प्रिंग्ज या गावापासून पुढे पो, रम आयलंड, जिनी असे झरे तिला मिळत जातात. तपकिरी नदीत निळे पाणी शिरते ती रेषा होडीतून स्पष्ट दिसते. होडीचे नाक निळ्यात आणि मागचा भाग तपकिरीत असे क्षणभर घडते.

याच नदीवर आखणीची खरी परीक्षा होते. सुवानी नदी ओकेफेनोकी या विशाल दलदलीतून येते. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला म्हणजे ती फुगते आणि सँटा फेचे पाणी तिला शिरकाव न मिळाल्याने मागे तुंबते. तपकिरी पाणी झऱ्यांच्या कुंडांवर चढते. पुराच्या पाण्याचा दाब जमिनीखालील पाण्याच्या दाबाहून वाढला, तर काही झरे उलटे वाहू लागतात; बाहेर टाकण्याऐवजी नदीचे पाणी गिळतात. स्थिरतेसाठी प्रसिद्ध असलेला झरा असा एकाएकी विवर बनतो. तेव्हा काठ दिसत नाहीत, उतरण्याच्या जागा पाण्याखाली असतात आणि प्रवाह झाडांच्या बुंध्यांमधून घुसतो. आपल्या गावी आठ दिवस ऊन पडले आहे, एवढ्यावर विसंबून निघू नये; दोनशे किलोमीटरांवर पडलेला पाऊसही येथे उशिरा पोहोचतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची जलपातळी मोजणारी केंद्रे या नद्यांवर आहेत व त्यांची नोंद सर्वांना खुली असते. निघण्यापूर्वी ती पाहावी, नेहमीच्या पातळीशी ताडावी, आणि पाणी चढते असेल तर सफर पुढे ढकलावी. घर सोडून इतक्या दूर आल्यावर हा निर्णय घेणे जड जाते. म्हणूनच इचेटकनीचा उद्यानातील टप्पा पर्याय म्हणून मनात ठेवावा.

झऱ्यांच्या मुखातील गुहांविषयी एकच वाक्य पुरे : त्यांत शिरू नये. आतला तळ तलम गाळाचा असतो, पायाच्या एका हेलकाव्याने तो उसळतो आणि बाहेरची वाट दिसेनाशी होते. निष्णात पोहणारे व समुद्रात बुड्या मारण्यात मुरलेले लोकही फ्लॉरिडाच्या गुहांत प्राणास मुकले आहेत. गुहांत बुडी मारणे ही वेगळी विद्या असून तिचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते.

काठावरचे व पाण्यातले सोबती

ओंडक्यावर ओळीने ऊन खात बसलेली कासवे, पंख पसरून वाळविणारे पक्षी, सायप्रसच्या मुळांतून गुडघ्यांसारखे वर आलेले सुळके, फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या दाढ्या. या दाढ्यांना ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात. वस्तुतः ही वनस्पती स्पेनची नाही आणि मॉसही नाही, ती अननसाच्या कुळातील आहे. ॲलिगेटर दिसेलच. तो मगरीचा भाऊबंद; सहसा माणसाला टाळतो, पण खाणे टाकणाऱ्या माणसांनी त्याची ही सवय बिघडविली आहे. त्याला खाऊ घालणे बेकायदा आहे. संध्याकाळी पोहू नये व कुत्रा बरोबर नेऊ नये.

हिवाळ्यात भाग्य असेल तर मॅनाटी भेटेल. आपल्याकडे मन्नारच्या आखातात आढळणाऱ्या समुद्रगाईची ही नातेवाईक. देह अवाढव्य, स्वभाव गरीब, आहार पाणगवत. समुद्राचे पाणी २० अंशांखाली गेले की तिला ते सोसत नाही, म्हणून ती झऱ्यांच्या कायम उबदार पाण्यात आसरा घेते. माणसाला जी सोय ती तिच्या जिवाची निकड आहे. होडी लांब थांबवावी, वल्हे उचलून धरावे, तिच्या वाटेत येऊ नये. तिला त्रास देणे हा गुन्हा आहे.

इचेटकनीच्या काठी कॉफी नावाचा एक चिमुकला झरा आहे. त्यात काही मिलिमीटरांची एक गोगलगाय राहते. जगात तिचे दुसरे घर नाही. एखाद्याने विश्रांतीसाठी तेथे होडी ओढली आणि चार पावले टाकली, तर एका जातीच्या सबंध वसतीवर तो चालून गेला असे होईल. म्हणून उतरावयाचे ते फक्त नेमलेल्या जागी.

दक्षिणेकडे ओकाला शहराजवळील सिल्व्हर नदीवरही अशीच सफर होते. सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यापासून ओक्लावाहा नदीपर्यंतचा टप्पा सुमारे आठ किलोमीटरांचा. काचेच्या तळाच्या नावांसाठी हे स्थळ एकोणिसाव्या शतकापासून ख्यात आहे. पोहण्यास येथे बंदी आहे. भारतीय माणसाला येथे एक आश्चर्य वाटेल : काठच्या झाडांवर लाल तोंडाची माकडे दिसतात. ती ऱ्हीसस जातीची, मूळची आपल्या बाजूची. सुमारे १९३८ साली प्रवाशांना नौकाविहार घडविणाऱ्या कर्नल टूई नावाच्या गृहस्थाने गिऱ्हाइकांच्या मौजेसाठी ती नदीतील एका बेटावर सोडली. ती पोहू शकतात, हे त्याला ठाऊक नव्हते! तासाभरात नव्हे तरी लवकरच ती काठावर होती आणि आज तेथल्या अरण्यात तिच्या पिढ्या नांदत आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या अंगी माणसाला घातक असा विषाणू असल्याने २०१८ पासून त्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे. (जाता जाता, टूई काही लष्करातला कर्नल नव्हता, ‘कर्नल’ हे त्याचे पाळण्यातले नाव.)

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सिल्व्हर स्प्रिंग्ज आणखी एका कारणाने ठाऊक असावे. हॉवर्ड ओडम या शास्त्रज्ञाने येथे केलेला अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. पाण्याचा पुरवठा, तापमान व रसायने जवळजवळ स्थिर असल्याने हा झरा म्हणजे निसर्गाने मांडलेली प्रयोगशाळाच होती. दर चौरस मीटरमागे वनस्पतींचे कोरडे वजन ८०९ ग्रॅम, त्या खाणाऱ्या प्राण्यांचे ३७, त्यांना खाणाऱ्यांचे ११ आणि सर्वांत वरच्या शिकाऱ्यांचे केवळ दीड ग्रॅम असे त्याला आढळले. एका मोठ्या माशामागे गवताचे केवढे कुरण लागते, हे त्यावरून समजते. होडीच्या काठावरून खाली पाहताना हे आकडे ध्यानात असले, की डुलणाऱ्या पाणगवताकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

आणि याच कुरणावर आज संकट आहे. शेते, हिरवळी, गोठे व मैलापाण्याच्या टाक्या यांतून नायट्रेट झिरपते, वाळूतून खाली जाते आणि झऱ्यातून बाहेर पडते. अस्पर्शित झऱ्यात त्याचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून कमी असते. राज्याने झऱ्यांसाठी मर्यादा घातली आहे ०.३५ची, आणि सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये हे प्रमाण एकाहून अधिक भरले आहे. पाणगवतावर तंतुमय शेवाळाचे जाड थर चढतात. दुसरीकडे शेती व शहरे यांच्यासाठी उपसा वाढला. १९३० नंतरच्या काही दशकांत सिल्व्हर स्प्रिंग्जमधून सरासरी सेकंदास सुमारे २२ घनमीटर पाणी येत असे. अलीकडच्या काळात त्यात मोठी घट झाली आहे. त्यात उपशाचा वाटा किती आणि पावसाच्या तुटीचा किती, यावर वाद चालतो. पोक काउंटीतील किसेंजेन झऱ्याबाबत मात्र वाद उरला नाही. लोक जेथे पोहण्यासाठी जमत, तो झरा उपशामुळे १९५० साली वाहावयाचा थांबला आणि पुन्हा नियमितपणे कधी वाहिला नाही. २०१६ साली फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने ३० झऱ्यांना विशेष संरक्षण देणारा कायदा केला. परंतु जमिनीखालचे पाणी झऱ्यापर्यंत पोहोचण्यास पुष्कळदा काही दशके लागतात. आज थांबविलेले खत उद्या झऱ्यातून कमी होत नाही. आज होडीखालून जे पाणी जाते, त्यात आजोबांच्या काळातला पाऊस मिसळलेला असतो, आणि आजोबांच्या काळातले खतही.

सफरीवर आलेला माणूस याबाबत काही करू शकतो काय? थोडे करू शकतो. उथळ जागी होडीतून उतरून गवत तुडवू नये. एकदा उपटलेले पाणगवत पुन्हा रुजण्यास फार वेळ लागतो. वल्हे तळाला टेकवून होडी ढकलू नये. आणि उतारावर पोहोचल्यानंतर घाई करू नये. होडी पालथी घालावी, तळ, दोर व वल्ह्याची पाती हाताने पुसून काढावीत. त्यांवर हिरव्या धाग्यांचे तुकडे चिकटलेले आढळतील. त्यांतले काही हायड्रिलाचे असू शकतात. आपल्या शाळांत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दाखविताना काचपात्रात पालथ्या नरसाळ्याखाली जी वनस्पती ठेवतात, तीच ही. १९५० च्या सुमारास मत्स्यालयांच्या व्यापारातून ती आशियातून फ्लॉरिडात आली आणि तेथल्या नद्या-सरोवरांत तिने धुमाकूळ घातला. बोटभर तुकड्यापासून तिचे नवे रान माजते. हे तुकडे पाण्यात परत न टाकता काठापासून दूर, उन्हात वाळत टाकावेत, आणि होडी पूर्ण कोरडी झाल्याखेरीज दुसऱ्या नदीवर नेऊ नये.